दाजींच्या बॅगेवरचा खळगा

दाजी गेले ही बातमी आली तेव्हा मी गच्चीवर बिबडे उलटत होते. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. एका बाजूने वाळले की लगेच उलटावे लागतात, नाहीतर कडा वाकतात. खालून शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "साक्रीहून फोन आलाय, कोणीतरी या लवकर." हे गेले, परत आले आणि जिन्याच्या पायरीवरच बसले. म्हणाले, "दाजी गेले. सकाळी उठलेच नाहीत." मी राहिलेले बिबडे उलटले, वर पातळ फडकं टाकलं आणि मग खाली येऊन पिशवीत दोन लुगडी भरली. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे, अक्काचे यजमान. रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की चला, आता अक्काला गाडीवर बसायला जागा झाली...

साक्रीला गेलो तर ओटा माणसांनी भरलेला. आम्ही बायका आतल्या खोलीत. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दिलदार माणूस, राजा माणूस, डोंगरातल्या गरिबांसाठी झिजलेला माणूस. जो येई तो मागच्यापेक्षा एक पायरी वर चढून बोले. अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. दहाव्यालाही तेच. आणि मग त्यांच्या एका मित्राने रविवारच्या पुरवणीत दाजींवर लेख लिहिला. ह्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला, नंतर ते झोपल्यावर दुपारी मी एकटीने एकेक अक्षर लावून पुन्हा वाचला. लेखात दाजींच्या मोटरसायकलला बसवलेल्या खाकी बॅगेवर मोठा परिच्छेद होता. ती बॅग म्हणे पाड्यापाड्यांवरच्या लोकांचा चालता दवाखाना होती. सेवेचं ओझं वाहून वाहून तिचं झाकण मधोमध दबलं होतं. आणि एकदा म्हणे एका आजारी म्हाताऱ्याला दाजींनी आपल्या मागे बसवलं आणि थेट धुळ्याच्या दवाखान्यात नेलं.

मागे बसवलं? मागे कुठे?

चौथी शिकलेल्या बाईचं कोण छापणार, आणि छापावं असं मला वाटतही नाही. चार माणसांसमोर मला तोंड उघडता येत नाही, तिथे पुरवणीत काय बोलणार. पण त्या बॅगेबद्दल खोटं छापून आलं आहे. ते खरं कसं होतं हे कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून लिहिते.

दाजी एका बियाण्याच्या कंपनीचे एजंट होते. साक्रीच्या पुढे डोंगरातली गावं त्यांच्याकडे होती. ते साधे एजंट, पण बोलायचे असे की कंपनी यांच्याच जिवावर चालली आहे. घरी सगळे खानदेशी बोलत, दाजी मात्र पुस्तकातल्यासारखं बोलायचे. आमच्या सासऱ्यांनी, नानांनी, "कसं शे पाव्हना?" विचारलं की हे म्हणायचे, "उत्तम आहे." उन्हाळा असो की थंडी, सफारी सूट. खिशात कंगवा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं माझ्या लग्नात, ते रुसलेले असताना. पंगतीत त्यांना दुसऱ्या पाटावर बसवलं, पहिल्या पाटावर दुसरे एक म्हातारे पाहुणे बसले, एवढंच झालं होतं. घरचा जावई उपाशी निघून गेला म्हणून नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे मिळून दहा माणसं त्यांना शोधायला धावली. जावई एसटी स्टँडजवळ न्हाव्याच्या खुर्चीत बसून दाढी करून घेत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून म्हणाले, "मी मानाचा भुकेला नाही." मग त्यांना पहिल्या पाटावर बसवलं आणि त्यांनी चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

मी त्यांच्याशी आयुष्यभरात एक शब्द बोलले नाही. आमच्याकडे सून नंदोईसमोर येत नाही, आली तर डोक्यावर पदर आणि नजर खाली. मी दाराआडून चहाचा कप सरकवायची. त्यामुळे त्यांना मी दिसले नसेन, पण मला ते पुरेपूर दिसायचे.

आता त्या आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं सांगते. आम्ही तेव्हा जळगावजवळ मेहरूणला राहायचो, तळ्याच्या अलीकडे. अंगणात बोरीचं मोठं झाड होतं, त्याच्या बाजूला निंबाला झोका. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस खातात. पण आल्या की जायचं मात्र बोलावणं आल्यावर. सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेकीने परत जायचं नाही. आपल्या पायांनी गेली किंवा भावाने नेऊन सोडली, तर ती टाकलेली आहे, माहेरच्यांनी गळ्यात नेऊन मारली असा त्याचा अर्थ व्हायचा. त्या वर्षी अक्का आली ती गप्पच होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हा तिने सांगितलं, सासूने शिंदखेड्याकडची एक मुलगी पाहून ठेवली आहे. "आखाजीनंतर ते न्यायला उनात तर बरं," ती म्हणाली. "नही उनात, तर समजी ले." ते आले नाहीत तर सवत येणार, हे मला समजलं. तेल जिरवत राहिले.

आणि दाजी आले! आखाजीला दोन दिवस झाले नाहीत तर फटफट फटफट करत अंगणात मोटरसायकल शिरली. अक्का झोक्यावरून उतरली ती तशीच आत पळाली. सासरी जायची काठाची साडी तिने पेटीतून काढून दांडीवर टाकली. चेहरा असा फुलला होता की मला तिच्याकडे पाहवेना.

गाडी नेहमीसारखी नव्हती. नाशिकच्या कुणा हौशी माणसाने ती बदलून घेतली होती आणि दाजींनी ती त्याच्याकडून जुनी घेतली होती. पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर उंच, टायरला जाड जाड नक्षी, सायलेन्सर खाली नाही तर उजव्या बाजूने वर उचललेला. डांबरी रस्त्यावर पळते आणि डोंगरातल्या दगडामातीतही चढते, असं दाजींनी सांगितलं. नाना गाडीभोवती फिरून म्हणाले, "बेस शे." दाजी म्हणाले, "फक्त एक कमी आहे. हिला मागे बॅग पाहिजे. उद्या बॅग घेतो, बसवतो, आणि परवा आम्ही निघतो."

ते परवा काही केल्या येईना. जळगावच्या बाजारात बॅगांची एवढी दुकानं आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. हे रोज काम सोडून दाजींबरोबर जायचे आणि संध्याकाळी दोघं एक बॅग घेऊन यायचे. पहिली रेक्झिनची आणली. दाजींनी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, मग दिवसभर उन्हात ठेवली, हात फिरवला आणि म्हणाले, "तडकणार." परत केली. दुसरी चामड्याची, डॉक्टरांकडे असते तशी. तिची चेन त्यांना अडखळते असं वाटलं, ती पन्नास वेळा उघडली, मिटली. परत. तिसरी लष्करातल्यासारखी जाड कापडाची, लांब आणि गोल. ती दोन दिवस घरात राहिली. दाजी तिला सीटवर ठेवायचे, ती लोळायची, पुन्हा ठेवायचे, पुन्हा लोळायची. एवढी काळजी त्यांनी कधी अक्काच्या तब्येतीची केल्याचं मला आठवत नाही. नाना खाटेवरून पाहायचे. एकदा म्हणाले, "पाव्हना, दोन्ही बाजूले दोन पिशव्या लटकाडी द्या ना. सीट मोकळी ऱ्हास." दाजी हसले. असे हसले की नाना शाळेत पहिलीत बसले आहेत. सायलेन्सरवर बोट ठेवून म्हणाले, "हा वर आलाय ना, नाना? बाजूला पिशवी लटकवली तर जळून जाईल. म्हणून बॅग मागेच, सीटवर." एवढं मात्र ते बरोबर बोलले, हे लिहिलं पाहिजे.

अक्का रोज संध्याकाळी काठाची साडी दांडीवरून काढून पेटीत ठेवायची आणि सकाळी पुन्हा काढायची.

शेवटी दाजींनी जाहीर केलं की या गावात त्यांच्या लायकीची बॅग नाही, ती शिवूनच घ्यावी लागेल. ताडपत्र्या शिवणाऱ्याकडे गेले. खाकी कॅनव्हास, चौकोनी आकार, आणि झाकण वाकू नये म्हणून आतून पत्रा. माप घ्यायला त्यांनी अक्काला अंगणात बोलावलं. "टेप धर," म्हणाले. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्यांच्या. सीटच्या मागच्या टोकापासून पुढे पुढे सरकत आले आणि जिथे त्यांची स्वतःची बसायची जागा संपते तिथे बोट ठेवलं. अक्का टेप धरून उभी. आपली जागा मोजून देते आहे हे तिला कळलं असेल का? मला दाराआडून कळलं होतं. पण मी दाराआडच होते.

ह्यांनी नंतर मला सांगितलं ते असं. शिवणाऱ्याने बॅगेला खालून चार पट्टे आणि बक्कलं लावली होती. म्हणाला, "साहेब, पट्टे गाडीच्या सांगाड्याला आवळा. कधी वहिनींना बसवायचं झालं तर बॅग सोडायला दोन मिनिटं लागतात." दाजींनी तिथल्या तिथे कात्री मागून पट्टे कापायला लावले. "पट्टे सैल पडतात," म्हणाले. "ही प्रवासाची गाडी आहे, वरातीची नाही." आणि बॅग घरी आणून, सीटच्या खालच्या पत्र्याला भोकं पाडून, जाड बोल्ट घालून, खालून नट आवळून बसवून टाकली. सगळा दिवस हे चाललं. हे पाना धरून खाली मान घालून बसलेले, दाजी वरून सूचना देत उभे. संपल्यावर दोन्ही हातांनी बॅग हलवून पाहिली. गाडी हलली, बॅग हलली नाही. "भूकंप झाला तरी निघायची नाही," दाजी म्हणाले.

मग त्यांना बॅग भरून बघायची होती. अक्काची शिदोरी ओसरीवर बांधून ठेवलेली होती. बिबडे, कुरडया, सांजोऱ्या, सासूसाठी लोणच्याची बरणी. दाजींनी एकेक डबा उचलून बॅगेत बसवला, हळूच, हलणार नाही असा, मध्ये टॉवेल घालून. अगदी नेमकं मावलं. झाकण लावून चेन ओढली आणि सगळ्यांकडे पाहिलं. म्हणाले, "पाहिलंत? सगळं मावलं."

अक्का काठाची साडी नेसून दारात उभी होती. आजूबाजूच्या बायका तिला निरोप द्यायला जमल्या होत्या. नाना खाटेवर बसल्या जागेवरून सावकाश म्हणाले, "बेस शे, पाव्हना. पन अक्का कोठे बठी?"

दाजींनी सीटकडे पाहिलं, जसं काही ती सीट त्यांना आत्ताच कुणी दाखवली. मग खिशातून कंगवा काढला, केसांवरून फिरवला. "हिला पुढच्या खेपेला नेतो."

नाना म्हणाले, "बॅग काढी टाका ना."

"बोल्ट केलीय नाना. अख्खा दिवस गेलाय."

"मंग एसटी शे. तुमी गाडीवर, ती एसटीमा."

"माझी बायको एकटी एसटीने येणार? लोक काय म्हणतील?"

"मी सोडून येतो," हे म्हणाले.

"भावाने आणून सोडली? नको. तुमच्याच घराण्याला बट्टा लागेल." आणि गाडीकडे वळले. बॅग एवढी उंच झाली होती की मागून पाय टाकता येईना. बूट बॅगेला अडला आणि साहेब बोरीखाली बसते झाले. शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मग उठून, धूळ झटकून, दाजींनी पाय पुढून टाकीवरून टाकला, घोड्यावर आडवं चढावं तसा. गेले. मागचा लाल दिवा बॅगेच्या कडेखाली झाकलेला होता, म्हणून ब्रेक मारल्याचंही दिसलं नाही. अक्काची शिदोरी सासरी गेली, अक्का राहिली.

जेठ गेला, आषाढ गेला. पेरण्या झाल्या. अक्का शेतात यायची, निंदायची, दळायची, हसायचीसुद्धा. पण रस्त्यावर गाडीचा आवाज आला की तिचा हात थांबायचा. कुणी बाई विहिरीवर विचारायची, "काय वं अक्का, आजून आठेच, माहेरमा?" ती म्हणायची, "ते टूरवर शेतस." निरोपही तोच यायचा, टूरवर आहे. मध्येच कुणाकडून तरी कळलं की शिंदखेड्याची माणसं साक्रीला जेवून गेली. त्या दिवशी अक्काने काठाची साडी पेटीच्या अगदी तळाशी घातली आणि वर जुनी गोधडी ठेवली.

श्रावणात दाजी आले. जळगावला कंपनीची मीटिंग होती म्हणून आले, न्यायला नव्हे. आल्या आल्या म्हणाले, "अगं, जरा सुई-दोरा काढ." बॅगेचा उजवा कोपरा सायलेन्सरला लागून जळला होता. बाजूला लटकवली तर जळेल म्हणून ज्यांनी नानांना शिकवलं, त्यांनी कोपरा वीतभर बाहेर सोडलेला होता. "मी चहा घेतो तोवर शिवून टाक. बॅग गाडीवरच राहू दे, तिथेच बसून शिव."

अक्काने आधी बॅग रिकामी केली. चालता दवाखाना, असं लेखात लिहिलं आहे. मी तेव्हा ठिगळाचं कापड घेऊन तिच्याशेजारी उभी होते, म्हणून आत काय होतं ते मला माहीत आहे. बियाण्याची रिकामी छापील पाकिटं, कंपनीची कॅलेंडरं, एक इस्त्रीचा सफारी, पावडरचा डबा, आरसा, आणि सगळ्यात खाली नव्या कोऱ्या बांगड्यांचं एक खोकं. अक्काने खोकं उघडलं. हिरव्या बांगड्या, पण माप लहान. अक्काच्या हातात त्या कधीच गेल्या नसत्या. तिने खोकं बंद केलं, होतं तिथे ठेवलं, आणि जळलेला कोपरा शिवायला घेतला. टाके बारीक, एकसारखे. शिवून झाल्यावर तिने दोरा दाताने तोडला, सगळं सामान नीट बॅगेत भरलं, चेन ओढली आणि आत गेली.

दाजींचा चहा झाला. नानांना नमस्कार केला. पुढून पाय टाकून गाडीवर बसले, किक मारली. गाडी सुरू झाली. तेवढ्यात अक्का बाहेर आली. अंगावर काठाची साडी, डोक्यावर पदर, हातात गाठोडं.

दाजी म्हणाले, "हे काय? अगं, जागा कुठे आहे? पुढच्या खेपेला..."

अक्का सरळ बॅगेपाशी आली. बॅग तिच्या छातीला लागत होती. तिने बॅगेकडे पाहिलं, मग दाराकडे, माझ्याकडे. मी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल उचललं आणि नाना खाटेवर बसलेले असताना, दाजी समोर असताना, अंगणाच्या मध्यापर्यंत चालत गेले आणि ते गाडीजवळ ठेवलं. अक्का स्टुलावर चढली, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि बॅगेच्या झाकणावर बसली. आतला पत्रा डब्बकन वाजला.

"अगं उतर! पत्रा दबेल!" दाजी ओरडले.

"दबू दे."

"लोक बघताहेत!"

"देखू दे. बठ्ठं गाव देखू दे. मी काई उतरत नही."

दाजींना खाली उतरताही येईना, कारण गाडी सोडली असती तर ती अक्कासकट आडवी झाली असती. नुसते मान वळवून वळवून बोलत होते, आणि अक्का त्यांच्या डोक्याच्या वर होती. खालून पाहिलं तर हत्तीवर बसल्यासारखी दिसत होती. धरायला काही नव्हतं म्हणून तिने दाजींच्या सफारीची कॉलर मागून मुठीत धरली. नाना खाटेवरून उठले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "पाव्हना, गाडी हळू चालाडा. पोर उंच बठेल शे." आणि गाडी निघाली. शेजारपाजारच्या बायका रस्त्यापर्यंत गेल्या. मी तिथेच, स्टुलापाशी, पदर सावरत उभी राहिले.

पुढचं अक्काने मला सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी. एरंडोलला, पारोळ्याला, जिथे गाडी थांबे तिथे पोरं मागे धावायची. धुळ्याच्या अलीकडे दाजींनी गाडी थांबवली आणि हात जोडले. आता एसटीने ये, तिकीट मी काढून देतो, माझी लाज राख. लोक काय म्हणतील ते आता चालणार होतं. अक्का म्हणाली, "साक्री." एवढंच म्हणाली. आमच्याकडची रीत अशी की बायको नवऱ्याच्या गाडीवर असली तरी गावाच्या वेशीबाहेर उतरते आणि घरापर्यंत पायी जाते, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यामागे बसून शिरत नाही. अक्का वेशीवर उतरली नाही. भर बाजारातून, मुलाच्या डोक्यापेक्षा उंच बसून आलेली सून सासूने दारातून पाहिली. आता ती टाकलेली आहे असं कोण म्हणणार? नवऱ्याने स्वतः, सगळ्या गावादेखत, डोक्यावर घेऊन आणली होती. शिंदखेड्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. बांगड्यांच्या खोक्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या वर्षी रेखा झाली.

पण झाकणाचा पत्रा मधोमध दबला तो दबलाच. दाजींनी तो ठोकून घेतला, टक्कन सरळ व्हायचा आणि चार दिवसांत पुन्हा टक्कन आत जायचा. आतून वर्तमानपत्रं कोंबून पाहिली. खळगा गेला नाही. नवी बॅग शिवली असती, पण मग बोल्ट काढावे लागले असते, आणि बोल्ट काढले की सीट मोकळी झाली असती. त्यापेक्षा त्यांनी खळगा ठेवला. लोक विचारायचे तेव्हा सांगायचे, "डोंगरातल्या लोकांसाठी काय काय वाहतो, विचारू नका." आधी लाजत सांगायचे, मग सरसावून सांगायला लागले, आणि शेवटी मला वाटतं त्यांना ते खरंच वाटायला लागलं. त्या मित्राने लेखात तेच लिहिलं. त्याचा दोष नाही. अक्काला मात्र पुढे आयुष्यभर त्यांनी गाडीवर घेतलं नाही. ती माहेरी एसटीने यायची, एसटीने जायची, एकटी. त्यावर लोक काही म्हणाले नाहीत.

माणूस गेला की त्याचं वाईट बोलू नये म्हणतात. मी बोललेले नाही, लिहिलं आहे. आणि शोधून पाहिलं, अगदी खरंच शोधलं, दाजींचं एखादं मोठं चांगलं काम आठवतं का. सायलेन्सरबद्दल ते बरोबर बोलले होते. रेखाला ते खांद्यावर घेऊन फिरायचे, तेही पाहिलं आहे. बाकी पुरवणीत आहेच.

महिन्याच्या श्राद्धाला आम्ही पुन्हा साक्रीला गेलो. भिंतीवर दाजींचा फोटो लावला आहे, गाडीवर बसलेला. कोपर मागे टेकवून ऐटीत बसले आहेत. बाकीच्यांना ती ऐट वाटते. कोपर बरोबर खळग्यावर आहे. जेवणं झाल्यावर एक तरुण शेतकरी गाडी बघायला आला. पडवीत गाडी उभी होती, बॅगेसकट. त्याची बायको रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभी होती, कडेवर मूल. त्याने गाडी फिरून पाहिली, टायर दाबून पाहिले, मग म्हणाला, "अक्का, गाडी पसंत शे. पन हाई बॅग काढी द्या. मांगे बठाले जागाच नही."

अक्का म्हणाली, "बोल्ट गंजेल शेतस, भाऊ." तो थोडा वेळ घुटमळला, आणि बायकोला घेऊन निघून गेला. हे म्हणाले, "अक्का, मी करवतीने बोल्ट कापून देतो. तासाभराचं काम आहे. गाडी विकली जाईल."

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली.

मी पहिल्यांदाच त्या गाडीच्या अगदी जवळ गेले. जळक्या कोपऱ्यावर अक्काचे टाके अजून तसेच होते, बारीक, एकसारखे. आणि झाकणावरच्या खळग्यात घरचं मांजर वेटोळं करून झोपलं होतं, अगदी मापाने शिवून घेतल्यासारखं. बॅगेवर केस पडतील म्हणून मी त्याला हुसकायला हात उचलला.

"तिले उठाडू नको," अक्का दारातून म्हणाली. "तठे बरं बठता येस."

मी हात मागे घेतला.